सावेदादांचा कॅमेरा आणि कर्झनचा दरबार

दिल्लीत नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसास कस्तुरबा गांधी मार्ग अपरिचित नाही. २०१३ साली नवे महाराष्ट्र सदन तेथे सुरू झाल्यापासून तर त्या मार्गाशी आपले नाते अधिकच जडले आहे. त्याचे जुने नाव कर्झन रोड. ज्या व्हाइसरॉयचे हे नाव, त्याच्या दिल्ली दरबाराची चलच्चित्रे एका मराठी गृहस्थाने टिपली होती, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

त्या गृहस्थांचे नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबई त्यांना ओळखी ती सावेदादा या नावाने. जन्म १८६८ चा, व्यवसाय छायाचित्रकाराचा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला, आणि हलत्या चित्रांचे वेड सावेदादांना लागले. परंतु पाहून थक्क होणे वेगळे आणि आपण ते करून पाहणे वेगळे. त्यांनी इंग्लंडमधून एकवीस गिनींचा कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा व कृष्णा न्हावी या पहिलवानांची कुस्ती चित्रित केली. फीत धुण्याची सोय येथे नव्हती. ती विलायतेस पाठवावी लागली.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन १९०१ साली स्वदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रण सावेदादांनीच केले. पुढे १ जानेवारी १९०३ रोजी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाप्रीत्यर्थ कर्झनने दिल्लीत दरबार भरविला. हत्ती, संस्थानिक, पलटणी यांच्या त्या थाटामाटासमोरही सावेदादांचा कॅमेरा उभा राहिला. राज्यकर्त्यांच्या विद्यापीठात त्यांच्यावरच मात करणारा कोकणचा तरुण आणि आपली सत्ता मिरविणारे ते राज्यकर्ते, दोघांचीही नोंद एकाच हाताने झाली, याचे आम्हांस विशेष वाटते.

पुढे सावेदादांनी चित्रण सोडले. कॅमेरा आनंदराव करंदीकरांकडे गेला आणि सावेदादा गेटी थिएटरच्या व्यवस्थापनात रमले. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकट झाला व चित्रपटसृष्टीच्या जनकत्वाचा मान त्यांच्याकडे गेला. तो यथार्थच होय. फाळक्यांनी कथा सांगितली, सावेदादांनी घडलेले टिपले. परंतु घडलेले टिपून ठेवणाऱ्याचे ऋण कथाकाराच्या ऋणाहून कमी का मानावे? कथा पुन्हा रचता येते. गेलेला दिवस पुन्हा उभा करता येत नाही.

दुर्दैव असे की, सावेदादांच्या फितींपैकी एकही आज उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेटची फीत ज्वालाग्राही, आणि जपणूक न झाल्यास आपोआप कुजणारी. तशात नव्या खेळाची हौस मोठी आणि जुना जपण्याची बुद्धी कोणासच नव्हती. सावेदादा स्वतः १९५८ पर्यंत हयात होते. मूकपट, बोलपट आणि देशाचे स्वातंत्र्य हे सारे त्यांच्या हयातीत घडले. म्हणजे विचारणाऱ्यास उत्तर देणारा माणूस पन्नास वर्षांहून अधिक काळ आपल्यात होता.

कर्झनचे नाव मार्गावरून गेले, त्याचा खेद करण्याचे कारण नाही. राज्ये जातात, पाट्या बदलतात. मात्र दप्तरे सांभाळणे हेच ज्यांचे नित्याचे काम, त्या आम्हा लोकांना तरी एवढे कळावयास हवे की, नोंद करणारा आणि नोंद राखणारा यांपैकी एक जरी चुकला, तरी पुढच्या पिढीच्या हाती केवळ ऐकीव गोष्ट उरते. सावेदादा आपल्या कामास चुकले नव्हते.