उचललेल्या सुरांचा हिशेब : ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’

‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ हा डे ला सोल या अमेरिकी हिप-हॉप त्रिकुटाचा पहिला अल्बम. न्यू यॉर्कच्या टॉमी बॉय रेकॉर्ड्स या कंपनीने तो १९८९च्या सुरुवातीला प्रसिद्ध केला. जुन्या रेकॉर्डमधले तुकडे उचलून त्यांतून नवे गाणे रचण्याची, म्हणजे सॅम्पलिंगची, कला या अल्बममध्ये ऐन बहरात दिसते. ती कला बिनधास्त करण्याचे दिवस सरले, त्यालाही याच अल्बमवरून उठलेला वाद बऱ्याच अंशी कारणीभूत झाला. यंत्र हाती आले होते, वकील मात्र अजून दारात आले नव्हते, अशा मोजक्या वर्षांतली ही निर्मिती आहे.

तुकडे उचलण्याची चाल यंत्राहून जुनी. ऑगस्ट १९७३मध्ये ब्राँक्समधल्या सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत झालेल्या पार्टीपासून हिप-हॉपचा आरंभ मानण्याचा रिवाज आहे. तिथे रेकॉर्ड लावणारा डीजे कूल हर्क मूळचा जमैकाचा. गायन थांबून नुसता ताल उरतो, त्या ‘ब्रेक’वर नाचणारे सर्वाधिक खुलतात हे त्याने हेरले. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून तो तेवढाच भाग लांबवत नेऊ लागला. पार्टीत वाजले आणि तिथेच विरले, तोवर मालकीची विचारणा कोणी केली नाही. ती १९७९मध्ये झाली. शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणे शिक या बँडच्या ‘गुड टाइम्स’वर बेतले होते. त्यातला भाग स्टुडिओतल्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतला होता, तरी शिकचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हक्क सांगितला आणि रचनाकार म्हणून त्यांची नावे गाण्याला लागली.

सॅम्पलर सामान्य स्टुडिओला परवडू लागला तो १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात. ई-मू कंपनीचे १९८७चे एसपी-१२०० हे यंत्र विशेष गाजले, पण त्याच्या पोटात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावे. त्यावर तोड निघाली : ३३च्या गतीची रेकॉर्ड ४५वर पळवायची, तो धावता आवाज साठवायचा आणि यंत्रात पुन्हा मंद करून घ्यायचा. अशाने आवाजाला खर यायची. पुढे तीच त्या काळच्या हिप-हॉपची ओळख ठरली. तुकडे कोठून घ्यायचे याबाबत मात्र फारशी कल्पकता नव्हती. बहुतेकांची धाव फंक गायक जेम्स ब्राउनच्या रेकॉर्डपर्यंत. डे ला सोलचे वेगळेपण इथून सुरू होते.

गटातले तिघे अ‍ॅमिटीव्हिल या लाँग आयलंडवरच्या गावातले, एकाच शाळेतले. न्यू यॉर्क शहरातली गर्दीची वस्ती सोडून अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे अशा उपनगरांत आली होती. पब्लिक एनिमी आणि ईपीएमडी हे गटही लाँग आयलंडचेच. घराला अंगण, तळघर आणि वडिलांनी जमवलेल्या रेकॉर्ड, ही परिस्थिती ब्राँक्सपेक्षा निराळी होती आणि संगीतात ती उतरली. केल्विन मर्सर, डेव्हिड जोलिकूर आणि व्हिन्सेंट मेसन ही तिघांची खरी नावे. गाण्यांत ते पॉसडनूस, ट्रुगॉय आणि मेसिओ झाले. ट्रुगॉय म्हणजे उलटे लिहिलेले ‘योगर्ट’, कारण जोलिकूरला दही आवडे. हिऱ्यामाणकांच्या आणि सिंहासनांच्या थाटातली नावे घेण्याच्या त्या काळात हा पोरखेळ जाणूनबुजून केलेला होता.

त्यांच्या प्राथमिक मुद्रणाला आकार दिला तो प्रिन्स पॉल ऊर्फ पॉल ह्यूस्टन याने. तोही अ‍ॅमिटीव्हिलचाच आणि स्टेट्सासॉनिक या गटाचा डीजे. तिथे आपल्या कल्पनांना वाव मिळत नाही अशी त्याची खंत होती. या मुलांकडे ऐकून घेणारे कान होते. ‘प्लग ट्यूनिन’ हे पहिले गाणे १९८८मध्ये निघाले आणि टॉमी बॉयने पूर्ण अल्बमला होकार दिला. मुद्रण मॅनहॅटनमधल्या कॅलिओपी स्टुडिओत झाले.

अल्बममधल्या तुकड्यांचे मूळ शोधत गेले की अमेरिकी घराघरातल्या रेडिओचा अर्धा इतिहास हाती लागतो. ‘मी मायसेल्फ अँड आय’ फंकाडेलिकच्या १९७९च्या एका लांबलचक गाण्यावर उभे आहे. ‘आय नो’मध्ये स्टीली डॅनचे ‘पेग’ आहे आणि ओटिस रेडिंगची शीळही. ‘से नो गो’ हे अमली पदार्थांविरुद्धचे गाणे हॉल अँड ओट्स या गोऱ्या जोडीच्या गुळगुळीत पॉप चालीवर चालते. ‘द मॅजिक नंबर’चा पाया म्हणजे बॉब डरो याने १९७३मध्ये मुलांच्या दूरदर्शन कार्यक्रमासाठी रचलेले तीनच्या पाढ्याचे गाणे. अल्बमचे नाव तर कंट्री संगीतातल्या जॉनी कॅशच्या पुराच्या गाण्यावरून घेतले. त्यात पाणी फुटाफुटाने चढत पाच फुटांवर जाते, अल्बमने त्यातली तीन फुटांची ओळ उचलली. फंक, सोल, रॉक, कंट्री आणि पाढे यांची एकत्र पंगत यापूर्वी कोणत्याही रॅप अल्बमने मांडली नव्हती.

गाण्यांच्या मधेमधे एक लुटुपुटुची प्रश्नमंजूषा चालते. स्पर्धकांना विचित्र प्रश्न विचारले जातात आणि उत्तरे येत नाहीत. रॅप अल्बममध्ये असे छोटे नाट्यप्रसंग घालण्याची प्रथा इथून रुळली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढच्या दशकात या प्रथेचा इतका अतिरेक झाला की अनेक श्रोते ते प्रसंग ओलांडूनच ऐकत. त्याचा दोष प्रिन्स पॉलच्या माथी मारणे योग्य नाही.

मुखपृष्ठ लंडनच्या ग्रे ऑर्गनायझेशन या कलावंत-गटाने केले : भडक पिवळी पार्श्वभूमी, भोवती डेझीची फुले. ‘डेझी एज’ हा शब्द अल्बममध्ये घोळवला आहे. ‘आतला आवाज’ अशा अर्थाच्या शब्दांचे ‘डेझी’ हे आद्याक्षरी रूप. पत्रकारांनी मात्र फुले तेवढी पाहिली आणि या तिघांना हिप्पी ठरवले. तो शिक्का त्यांना अजिबात रुचला नाही. तिकडे कॅलिफोर्नियात एनडब्ल्यूए या रॅप गटाचा ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ गाजत असल्याने एक हिंसक आणि एक सौम्य अशी सोयीची विभागणीही होऊन बसली. वस्तुतः डे ला सोलच्या गाण्यांत गरिबी आणि व्यसन दोन्ही आहेत, फक्त ती आरडाओरड करून सांगितलेली नाहीत. ‘मी मायसेल्फ अँड आय’ १९८९मध्ये बिलबोर्डच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात हा अल्बम त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरला. जंगल ब्रदर्स आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट यांच्यासह ‘नेटिव्ह टंग्ज’ नावाचे एक सैल मित्रमंडळ याच सुमारास तयार झाले. ‘बडी’ या गाण्यात त्यातले काही जण एकत्र ऐकू येतात.

वाद उठला तो यांपैकी कोणत्याही गाजलेल्या गाण्यावरून नव्हे. ‘ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स’ हा जेमतेम सव्वा मिनिटाचा मजेशीर तुकडा आहे. फ्रेंच शिकवणाऱ्या एका रेकॉर्डमधली वाक्ये आणि त्यांच्या खाली मंद केलेले व्हायोलिनचे सूर, एवढेच त्यात आहे. हे सूर टर्टल्स या १९६०च्या दशकातल्या गटाच्या ‘यू शोड मी’मधले. ते गाणेही टर्टल्सनी रचलेले नव्हते. बर्ड्‌स गटातल्या जीन क्लार्क आणि जिम मॅग्विन यांचे ते. पण मुद्रित आवाज टर्टल्सचा होता. वापरलेल्या सर्व तुकड्यांची यादी आपण कंपनीला दिली होती, असे डे ला सोलचे म्हणणे. मोठ्या गाण्यांची परवानगी घेतली गेली आणि हा किरकोळ तुकडा राहून गेला. टर्टल्सचे हॉवर्ड केलन आणि मार्क व्होलमन न्यायालयात गेले. प्रकरण निकालापर्यंत न जाता बाहेरच मिटले, त्यामुळे कायद्याचा नवा पायंडा पडला नाही. धाक मात्र सगळ्या धंद्याला बसला.

पायंडा पडला डिसेंबर १९९१मध्ये. बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या ‘अलोन अगेन’चा भाग विनापरवाना वापरला होता. न्यू यॉर्कचे न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालपत्राची सुरुवात चोरी न करण्याच्या बायबलमधल्या आज्ञेने केली आणि अल्बमची विक्री थांबवली. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी दोन परवानग्या लागू लागल्या : एक मूळ रचनेची, दुसरी मुद्रणाची. २००५मध्ये एका अपील न्यायालयाने दोनएक सेकंदांच्या मुद्रणालाही परवाना हवा असे ठरवले. एका गाण्यात पाच-सहा तुकडे गुंफणे आता केवळ श्रीमंतांना परवडणारे होते. मूळ कलावंतांना मोबदला मिळावा हे न्याय्यच. परंतु अनेकदा पैसा पोचला तो हक्क विकत घेऊन बसलेल्या कंपन्यांकडे. बहुतेक निर्माते एका गाण्यामागे एकाच मोठ्या तुकड्यावर आले किंवा वादकांकडे वळले.

ही साखळी मुंबईपर्यंतही आली. ट्रुथ हर्ट्‌स या गायिकेच्या २००२च्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये ‘ज्योती’ चित्रपटातले ‘थोडा रेशम लगता है’ हे लता मंगेशकरांच्या आवाजातले गाणे विनापरवाना वापरलेले होते. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव दिल्याशिवाय अल्बम विकू नये, असा आदेश अमेरिकेतल्या न्यायालयाने दिला.

डे ला सोलने १९९१च्या दुसऱ्या अल्बमच्या मुखपृष्ठावर कुंडी फुटून पडलेल्या डेझी दाखवल्या आणि नाव ठेवले ‘डे ला सोल इज डेड’. पहिल्या अल्बमचे खरे नष्टचर्य मात्र पुढे ओढवले. १९८०च्या दशकातल्या परवानग्या रेकॉर्ड आणि कॅसेटपुरत्या लिहिलेल्या. त्यांत इंटरनेटचा समावेश होतो की नाही हे स्पष्ट नव्हते. मध्यंतरी हक्क ज्यांच्या ताब्यात गेले त्या वॉर्नर कंपनीने ती जोखीम घेतली नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१०च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत घेतलेला हा अल्बम इंटरनेटवर रीतसर विकत मिळत नव्हता, ही विसंगती बरीच वर्षे टिकली. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी गटाने आपले जुने संगीत २५ तासांपुरते लोकांना फुकट देऊन टाकले. २०१७मध्ये टॉमी बॉयने हक्क परत मिळवले, पण २०१९मध्ये मिळकतीच्या वाटणीवरून तिचे गटाशी बिनसले. आपल्याला दहा टक्केच मिळणार, असे गटाने जाहीर केले आणि चाहत्यांनी बहिष्काराची हाक उचलल्यावर प्रकाशन बारगळले. २०२१मध्ये रिझर्व्हॉयर या कंपनीने टॉमी बॉय विकत घेतली आणि गटाशी समझोता केला. मग एकेका तुकड्याच्या मालकाकडे नव्याने जाऊन परवानग्या गोळा करण्यात आल्या. जिथे जमले नाही तिथले मोजके भाग बदलावे लागले. ३ मार्च २०२३ रोजी अल्बम स्ट्रीमिंगवर आला. डेव्हिड जोलिकूर त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, १२ फेब्रुवारीला, ५४व्या वर्षी वारला होता.