गुडघा : विश्रांति कीं हालचाल ?



गेल्या वर्षीं माझा उजवा गुडघा बदलण्यांत आला. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशीं सकाळीं फिजिओथेरपीचें काम करणारी एक तरुण मुलगी खाटेपाशीं येऊन म्हणाली, "सर, उठायचं आतां." माझी थोरली बहीण अक्का उशाशीं बसली होती. ती उद्गारली, "अगं पोरी, कालच कापलाय ना त्याला ! महिनाभर तरी पडूं दे." मुलगी हंसली आणि तिनें वॉकर पुढें केला.

अक्काच्या बोलण्याला आमच्या घरचा एक इतिहास आहे. १९६९ सालीं आमचे वडील विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले व त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली. पाय प्लास्टरमध्यें घातला; तो निघाल्यावरहि "जपा, हलवूं नका" एवढाच सल्ला मिळाला आणि त्यांनीं तो इमानानें पाळला. पाय जन्मभर काठीसारखा सरळ राहिला. पंगतींत त्यांचा पाट नेहमीं भिंतीच्या कडेला मांडीत, कारण लांब केलेला पाय वाढणाऱ्याच्या वाटेंत येई. तो पाय पडण्यानें गेला, अशीच आम्हां सर्वांची समजूत होती. विश्रांतीनें गेला असेल, हें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. हा सल्ला मुळांत आला कोठून, हें शोधण्याचा छंद मला त्या खाटेवर लागला.

एकोणिसाव्या शतकांत लिव्हरपूल येथें ह्यू ओवेन टॉमस नांवाचा अस्थिवैद्य होता. हाडें बसविणाऱ्यांच्या पिढीजात घराण्यांतला. दुखऱ्या सांध्यास सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांति द्यावी, हें त्याचें ठाम मत. त्यासाठीं त्यानें तयार केलेली पायाची आधारपट्टी आजहि त्याच्याच नांवानें ओळखली जाते. त्या काळीं सांध्यांचा मोठा वैरी होता क्षयरोग, आणि त्यावर औषध नव्हतें. तेव्हां सांधा स्थिर ठेवणें हाच शहाणपणा. टॉमस चुकला असें मला वाटत नाहीं. क्षयाच्या गुडघ्यासाठीं सांगितलेलें पथ्य पुढें सरसकट प्रत्येक गुडघ्याला लागूं झालें, तेथें घोटाळा झाला.

विरुद्ध पक्षहि तेव्हांच उभा होता. स्टॉकहोम येथें पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ मध्येंच व्यायामाची संस्था काढली होती. पॅरिसमध्यें ल्यूका-शांपिओनियेर हा शस्त्रवैद्य तर मोडलेल्या हाडांनाहि मालीश व हालचाल देई. त्याचा ग्रंथ १८९५ चा. त्याच्या आदल्याच वर्षीं लंडनमध्यें चार परिचारिकांनीं मालिशीचें शिक्षण घेतलेल्या स्त्रियांची संस्था स्थापिली. आजच्या फिजिओथेरपीचें एक मूळ तेथें आहे.

गुडघाच बदलण्याचें धाडसहि त्याच काळचें. १८९० सालीं बर्लिनमध्यें टेमिस्टोक्लेस ग्लूक यानें क्षयानें पोखरलेल्या गुडघ्यांत हस्तिदंती बिजागरी बसविली. कल्पना अचाट, पण रोगट सांध्यांत ती टिकली नाहीं. पुढें १९६८ मध्यें इंग्लंडांतील राइटिंग्टन रुग्णालयांत फ्रँक गन्स्टन या कॅनेडियन शस्त्रवैद्यानें ओळखलें कीं, गुडघा ही दाराची बिजागरी नव्हेच. तो वांकतांना घरंगळतो आणि सरकतोहि. त्या जाणिवेनें त्यानें धातु व प्लॅस्टिक यांचा सांधा केला. १९७४ मध्यें न्यूयॉर्कला जॉन इन्सॉल, मूळचे भारतीय चित्तरंजन राणावत आणि अभियंता पीटर वॉकर यांचा सांधा आला. आजच्या बहुतेक सांध्यांचा तो पूर्वज होय. याच राणावतांनीं २००० व २००१ सालीं मुंबईंत पंतप्रधान वाजपेयींचे दोन्ही गुडघे बदलले, तेव्हां ही शस्त्रक्रिया आपल्याकडे घरोघरीं बोलण्याचा विषय झाली.

सांधा उत्तम बसला तरी तो आपोआप वांकत नाहीं. आंत रक्त सांकळतें, व्रणाचे तंतु धरूं लागतात आणि थोड्या आठवड्यांत ते कठीण होतात. शिवाय सुजलेल्या गुडघ्यावरील मांडीचा पुढचा स्नायु मनाची आज्ञाच मानीनासा होतो. या स्नायूची खरी दखल घेतली टॉमस डीलॉर्म या अमेरिकन सैन्यांतील डॉक्टरनें. जखमी गुडघ्यांच्या सैनिकांकडून त्यानें क्रमाक्रमानें वाढणारीं जड वजनें उचलून घेतलीं, आणि १९४५ मध्यें आपली रीत प्रसिद्ध केली.

आपल्याकडे ही विद्या आली ती पोलिओच्या निमित्तानें. १९५२ मध्यें मुंबईंत त्याची साथ आली आणि १९५३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें के. ई. एम. रुग्णालयांत शिक्षण सुरू झालें. आमच्या तालुक्याच्या गांवीं मात्र सोळा वर्षांनंतरहि तिचा वारा पोंचला नव्हता.

यंत्रानेंहि गुडघा वांकवून पाहण्यांत आला. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनीं १९७० पासून सशांवर प्रयोग करून दाखविलें कीं, सतत हलत्या सांध्यांतील कूर्चा अधिक चांगली भरते. त्यावरून रोग्याचा पाय आपोआप हलविणारें यंत्र निघालें. पण गुडघा बदललेल्यांत तुलना करून पाहतां त्यानें अवघ्या दोन-तीन अंशांचाच लाभ दिसला. पडून राहून यंत्राकडून वांकवून घेणें आणि स्वतः वांकविणें यांत एवढा भेद !

चालण्यास गुडघा सुमारें ७० अंश वांकावा लागतो, जिना चढण्यास ८५ ते ९०, खुर्चींतून उठण्यास त्याहूनहि थोडा अधिक. मांडी घालण्यास पुष्कळच अधिक. त्या मुलीच्या हातांतील कोनमापक पाहून मला जुना सोबती भेटल्यासारखें झालें. तिसऱ्या दिवशीं माझा कोन ५५ भरला. टांच अंथरुणावरून घासत मागें ओढावयाची, दहा आंकडे धरावयाची, सोडावयाची. रोज तीन वेळां पंधरा-पंधरा. डोळ्यांत पाणी येई, आणि शिकविण्याच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला गृहपाठ टाळण्याच्या सबबी किती सुचतात, हें तेव्हां कळलें. सहाव्या आठवड्याअखेर १०२ अंश झाले, आज ११५ आहेत.

मोजणीचें काम अक्कानें आपण होऊन घेतलें होतें. एके दिवशीं मोजतां मोजतां ती थांबली आणि म्हणाली, "अण्णांचा पाय असा वांकला असता का रे ?"

मीं म्हटलें, "अक्का, बारा झाले कीं तेरा ?"