आत्मनिर्भर भारत रोजगार योजना

कोविड-१९ च्या टाळेबंदीत सुटलेल्या कामगारांना परत कामावर घ्यावे व नवी भरती करावी, यासाठी मालक व कामगार यांच्या भविष्य निर्वाह निधीची (पीएफ) वर्गणी स्वतः भरणारी केंद्र सरकारची योजना. घोषणा 12 नोव्हेंबर 2020 रोजी, मंत्रिमंडळाची मंजुरी 9 डिसेंबरला. अंमल मात्र 1 ऑक्टोबर 2020 पासून पूर्वलक्षी. नोंदणीची मुदत आरंभी 30 जून 2021 होती, ती 31 मार्च 2022 पर्यंत वाढवण्यात आली. अंमलबजावणी कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे होती.

पूर्वपीठिका : ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजनेत सरकार नव्या कामगारामागे आधी मालकाची 8.33 टक्के निवृत्तिवेतन वर्गणी व एप्रिल 2018 पासून पूर्ण 12 टक्के भरत असे. तीत अपात्र लाभार्थी आढळल्याने पुढे वसुली करावी लागली. मार्च ते ऑगस्ट 2020 या काळात शंभरपर्यंत कामगार असलेल्या व त्यांतील 90 टक्के कामगारांचा पगार 15,000 रुपयांच्या आत असलेल्या आस्थापनांची 24 टक्के वर्गणी सरकारने भरली.

स्वरूप : महिना 15,000 रुपयांपेक्षा कमी पगाराचा कामगार पात्र. एक हजारपर्यंत कामगार असलेल्या आस्थापनेसाठी कामगाराचे 12 व मालकाचे 12 असे पगाराच्या 24 टक्के; त्याहून मोठ्या आस्थापनेसाठी फक्त कामगाराचे 12 टक्के. मुदत प्रत्येक कामगारामागे दोन वर्षे. भरतीची मोजणी सप्टेंबर 2020 च्या पीएफ सभासदसंख्येपासून होई. तेव्हा पन्नासपर्यंत सभासद असतील तर किमान दोन आणि त्याहून अधिक असतील तर किमान पाच जणांची भर घालणे आवश्यक होते. योजनेचा कणा हा आधारमहिनाच होता. समजा, टाळेबंदीपूर्वी साठ कामगार असलेल्या कारखान्याच्या सप्टेंबरच्या पीएफ भरण्याच्या चलनात 34 नावे उरली. त्याने जुनेच दोघे परत बोलावले तरी अट पुरी होई. मार्च ते सप्टेंबर 2020 दरम्यान नोकरी सुटलेले व 30 सप्टेंबरपर्यंत पीएफ लागू असलेल्या दुसऱ्या आस्थापनेत न लागलेले कामगार योजनेत स्पष्टपणे धरले होते. आधार फेब्रुवारीचा धरला असता, तर या मालकाला साठाचा आकडा ओलांडेपर्यंत काहीही मिळाले नसते. उलट बाजूही आहे : अनुदान नसते तरी मागणी परतताच जे बोलावले गेले असते, तेही यात मोजले गेले. असे किती, हे नोंदींवरून सांगता येत नाही.

मालकाच्या हाती पडणारा लाभ दिसतो त्याहून कमी. 12,000 रुपये पगारावर 24 टक्के म्हणजे 2,880 रुपये; पण त्यातले 1,440 कामगाराच्या वाट्याचे. ते पगारातून कापायचे नव्हते, म्हणून कामगाराच्या हातात तेवढे जास्त पडत. मालकाचा खर्च 13,440 वरून 12,000 वर येई. कच्चा माल उधारीवर आणणाऱ्या व ऑर्डरची वाट पाहणाऱ्या लहान कारखानदाराचा निर्णय एवढ्याने फिरतो का, याबद्दल मतभेद आहेत. ऑर्डर हातात असेल तर दोन कामगार महिनाभर आधी बोलावले जातील. ऑर्डरच नसेल तर नाही, असे मानायला जागा आहे.

फलित : मूळ तरतूद 22,810 कोटी रुपयांची. सुधारित लक्ष्य 71.8 लाख कामगारांचे. प्रत्यक्षात सुमारे 1.52 लाख आस्थापनांतील सुमारे 60.5 लाखांना लाभ मिळाला व खर्च 10,000 कोटींच्या थोडा वर गेला. लाभार्थ्यांत महाराष्ट्र आघाडीवर होता. माणशी सरासरी सुमारे 17,000 रुपये पडतात, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या कामगाराचे जेमतेम सहा महिने. कमी पगार, मोठ्या आस्थापनांचा निम्मा दर, सभासदसंख्या आधाराच्या खाली जाणे ही कारणे असू शकतात. पण बरेच जण दोन वर्षे टिकले नसावेत, हेच त्यातले मोठे कारण दिसते. लाभार्थ्यांची संख्या सर्वत्र उद्धृत होते, हा भागाकार क्वचितच.

शिवाय नवे नाव म्हणजे नवी नोकरी असेलच असे नाही. आधी रोखीने पगार घेणारा कामगार पीएफच्या यादीवर आला, तरी तो नवाच ठरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हीच योजनेची टिकाऊ कमाई. पण ती रोजगारनिर्मितीच्या खात्यात मांडणे योग्य नाही.

परदेशांत : फ्रान्सने डिसेंबर 2008 मध्ये दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना कमी पगाराच्या नव्या भरतीवर सामाजिक वर्गणीत सूट दिली. पिएर काहुक व सहकाऱ्यांच्या अभ्यासात तिचा रोजगारावर स्पष्ट परिणाम दिसला. सूट अल्पमुदतीची व अनपेक्षित होती, ही कारणे त्यांनी दिली. अमेरिकेच्या 2020 च्या वेतनसंरक्षण कर्जांतील केवळ 23 ते 34 टक्के रक्कम एरवी नोकरी गेली असती अशा कामगारांपर्यंत पोचली, असा डेव्हिड ऑटर व सहकाऱ्यांचा अंदाज आहे. ब्रिटनची कोविडकाळातील योजना नव्या भरतीसाठी नव्हे, तर असलेली नोकरी टिकवण्यासाठी होती. ती 30 सप्टेंबर 2021 रोजी संपली.

मर्यादा : पीएफ कायदा सामान्यतः वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो, त्याखाली नोंदणी ऐच्छिक. त्यामुळे चार पोरे ठेवणारे हॉटेल, गॅरेज, शिवणकामाचा गाळा असे खरोखरचे लहान मालक योजनेच्या बाहेरच राहिले.

उत्तरयोजना : प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना (तरतूद 99,446 कोटी रुपये). तीत मालकाला वर्गणीऐवजी प्रत्येक वाढीव कामगारामागे महिना 3,000 रुपयांपर्यंत रक्कम मिळते. कामगार किमान सहा महिने टिकला पाहिजे. पीएफ नोंदणीची अट कायम आहे. 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 या काळातील नोकऱ्या तिच्यासाठी पात्र आहेत.