अनाथांचे घर

पंढरपूर म्हटले की आपल्याला विठोबा आठवतो. पण त्याच क्षेत्री १८७५ साली प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला, हे आपण सहसा आठवत नाही. त्याआधी १८६३ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. विधवेच्या पोटी आलेले मूल लोकलज्जेपायी मारले जाई. त्याला आधी जगविणे, हेच या संस्थांचे पहिले काम.

परंतु जगविणे निराळे आणि वाढविणे निराळे. विलायतेत बर्नार्डो यांनी १८७६ साली बार्किंगसाइड येथे मुलींसाठी लहान लहान घरांचे गावच वसविले व प्रत्येक घराला एक 'आई' दिली. फुले दांपत्य तर त्याही पुढे गेले होते. गृहात जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेऊन आपल्याच घरी वाढविले.

२०१५ च्या बालन्याय कायद्याने संस्था हा शेवटचा उपाय ठरविला. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी कायदा त्या दांपत्याच्या उंबरठ्याशी आला. आपण मात्र अजून आश्रमाला वर्गणी देऊन पावती खिशात घालतो, आणि मूल घरी आणण्याची गोष्ट निघाली की त्याचे कूळ विचारतो!