खळ्यापासून दिवाणखान्यापर्यंत : व्हॅक्यूम क्लीनरची गोष्ट

१/
मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील एखाद्या मोठ्या भातगिरणीच्या मागच्या अंगाला गेलात, तर पत्र्याचे एक भले थोरले नरसाळे उभे दिसेल. वर रुंद, खाली निमुळते. गिरणी चालू असताना त्याच्या खालच्या तोंडातून तूस पडत राहते आणि वरून हवा निघून जाते. शहरातील महागड्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटातही असेच नरसाळे असते, फक्त वीतभर उंचीचे. हे साम्य योगायोगाचे नाही. आजचा थ्रेड त्याच्याविषयी.

२/
सुरुवात खळ्यापासून करू. दिवाळीच्या सुमारास भात कापून झाले की खळ्यावर तीन कामे चालतात. पेंढ्या फळीवर आपटून झोडणे, वाऱ्याच्या तोंडी उभे राहून उंचावरून धान्य सोडणे म्हणजे उफणणे, आणि शेवटी सुपात घेऊन पाखडणे. झोडल्याने दाणा सुटा होतो. उफणल्याने हलके फोलपट वाऱ्यावर जाते आणि जड दाणा पायाशी पडतो. उरलेसुरले सूप निवडते. ही तीन कामे लक्षात असू द्यावीत, पुढे ती पुन्हा भेटणार आहेत.

३/
घरातल्या धुळीसाठी उत्तर निराळे होते. अंगणात सडा, जमिनीला शेणाचे सारवण आणि हाती शिंदीच्या पात्यांची केरसुणी. मुरबाडच्या माझ्या आजोळी आजी झाडण्याआधी नेहमी पाण्याचा हलका शिपका देत असे. कारण विचारले तर एवढेच म्हणे, "नायतर धूळ उठते आणि पुन्हा तिथंच बसते." पुढे व्हॅक्यूम क्लीनरचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा लक्षात आले की या यंत्राच्या प्रत्येक शोधकापुढे आजीच्याच वाक्यातली अडचण उभी होती. धूळ उचलणे फारसे कठीण नाही. उचललेली धूळ पुन्हा हवेत जाऊ न देणे कठीण आहे.

४/
१८६० साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॅनियल हेस याने गालिचा झाडणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात फिरता ब्रश होता, हवा ओढणारा भाता होता आणि धूळ अडवण्यासाठी पाण्याचे कप्पे होते. म्हणजे शिपक्याचेच तत्त्व, पेटीत बंद केलेले. १८६९ मध्ये शिकागोच्या आइव्ह्ज मॅकगॅफी याने हाताने फिरवायच्या पंख्याचे यंत्र काढले. एका हाताने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने यंत्र ढकलायचे, अशी ती कसरत होती. १८७६ मध्ये मेल्विल बिसेल याने ओढण्याचा नाद सोडून फक्त फिरत्या ब्रशचा झाडू बनवला आणि तोच बाजारात टिकला.

५/
त्यानंतर काही शोधकांनी उलटी वाट धरली. धूळ ओढण्याऐवजी जोरदार हवा सोडून ती उडवायची. सेंट लुई येथील जॉन थरमन याला १८९९ मध्ये अशाच यंत्राचे पेटंट मिळाले. लंडनच्या एका नाट्यगृहात हवा फुंकणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक पाहायला ह्यूबर्ट सेसिल बूथ हा इंजिनियर गेला होता. धूळ उडत होती आणि बरीचशी पुन्हा खालीच बसत होती. त्याने विचारले, हवा फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही? ते शक्य नाही, असे उत्तर मिळाले.

६/
बूथने ते स्वतः करून पाहिले. उपाहारगृहातील खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावले आणि जोराने श्वास आत ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा डाग उमटला. ओढणारी हवा आणि धूळ अडवणारे कापड, ही जोडी त्याच्या हाती लागली. १९०१ मध्ये त्याने पेटंट घेतले. येथे एक गैरसमज दूर करू. यंत्र धुळीला 'खेचत' नाही. पंप किंवा पंखा आतला दाब कमी करतो, बाहेरची जास्त दाबाची हवा आत घुसते आणि जाताना धूळ सोबत नेते. खळ्यावर हे काम वारा फुकट करतो.

७/
बूथचे यंत्र घरात मावणारे नव्हते. घोडागाडीवर बसवलेले, पेट्रोल इंजिनावर चालणारे ते धूड रस्त्यावर उभे राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत जात. १९०२ मध्ये राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने स्वच्छ झाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती नळी आणि तिच्या टोकाचे तोंड. यंत्र एका जागी आणि तोंड हवे तेथे, ही कल्पना बूथने रुळवली. आजच्या सगळ्या जोडण्या तिच्याच वंशातल्या.

८/
आता या इतिहासातला मला सर्वात जवळचा वाटणारा माणूस. जेम्स मरे स्पँग्लर. ओहायो राज्यातील कँटन गावी एका मोठ्या दुकानात तो सफाई कामगार होता. वय साठीला आलेले आणि दम्याचा विकार. गालिचे झाडताना उडणारी धूळ त्याला सोसवेना. १९०७ मध्ये त्याने विजेच्या पंख्याची मोटर, लाकडी पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून स्वतःपुरते एक यंत्र जुळवले. पुढच्या वर्षी, २ जून १९०८ रोजी, त्याला पेटंट मिळाले. एका माणसाला ढकलता येईल असे विजेचे यंत्र झाडणाऱ्याच्या हातून घडले, कारण धूळ त्याच्याच छातीत जात होती.

९/
स्पँग्लरकडे भांडवल नव्हते. चामड्याच्या वस्तूंचा कारखाना चालवणाऱ्या विल्यम हूवर याने त्याचे हक्क विकत घेतले. स्पँग्लर १९१५ मध्ये वारला. पुढे इंग्लंडात 'हूवर' हा शब्द घर झाडण्याचे क्रियापदच होऊन बसला, स्पँग्लरचे नाव मात्र मागे राहिले. १९२६ मध्ये हूवर कंपनीने फिरत्या ब्रशला धातूचे दांडे जोडले. हवेच्या ओढीने गालिचा किंचित वर उचलला जाई आणि दांडे त्याच्यावर टकटक आपटत. खोल रुतलेली धूळ आधी सुटी होई, मग ओढली जाई. खळ्यावरची झोडणी दिवाणखान्यात आली ती अशी.

१०/
दरम्यान स्वीडनमध्ये ॲक्सेल वेनर-ग्रेन याच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९२१ मध्ये 'मॉडेल व्ही' आणले. आडवे नळकांडे, खाली घसरपट्ट्या आणि पुढे लवचीक नळी. यंत्र जमिनीवर मागून सरकत येई. आता नळीच्या टोकाचे तोंड बदलून काम बदलता येऊ लागले. फटींसाठी चपटे, पडद्यांसाठी मऊ केसांचे, गाद्यांसाठी रुंद. त्यामागे साधे शास्त्र आहे. तोंड अरुंद केले की एकूण हवा कमी वाहते, पण तोंडाशी तिचा वेग वाढतो. म्हणून सोफ्याच्या फटीतला कण चपट्या तोंडानेच निघतो.

११/
झोडणे झाले, वारा झाला. तिसरे काम, पाखडणे, अडून बसले होते. कापडी पिशवीतून हवा बाहेर जाते आणि धूळ आत राहते खरी, पण तीच धूळ कापडाची छिद्रे बुजवते. पिशवी अर्धी भरण्याआधीच ओढ मंदावते. छिद्रे मोठी ठेवली, तर बारीक धूळ पुन्हा खोलीत येते. वापरून फेकायच्या कागदी पिशव्या आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुबॉम्ब प्रकल्पासाठी घडवलेली अतिसूक्ष्म गाळणी, जिला आज आपण 'हेपा' म्हणतो, तीही कालांतराने घरगुती यंत्रांत आली. तरी बुजण्याची अडचण मुळातून सुटली नाही.

१२/
उत्तर फार पूर्वी दुसऱ्याच ठिकाणी सापडले होते, धान्याच्या गिरण्यांत. २ मे १८७८ रोजी मिनीॲपोलिस येथील वॉशबर्न 'ए' या पिठाच्या गिरणीत हवेत पसरलेल्या पिठाचा स्फोट होऊन १८ माणसे मेली. गिरणीतील धूळ हा जीवघेणा प्रश्न होता. १८८० च्या दशकात अमेरिकेत गिरण्यांसाठी 'सायक्लोन' नावाचे नरसाळे आले. धुळीची हवा त्यात कडेने शिरते आणि गरगर फिरते. जड कण भिंतीकडे फेकले जाऊन घसरत खाली येतात, स्वच्छ हवा मधून वर निघून जाते. कापड नाही, छिद्र नाही, त्यामुळे बुजणेही नाही.

१३/
गिरणीतले हे नरसाळे घरात यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९७८ च्या सुमारास जेम्स डायसन या इंग्रज डिझायनरला आपल्या व्हॅक्यूम क्लीनरची ओढ मंदावल्याचा वैताग आला होता. लाकूडगिरणीवरचा सायक्लोन पाहून त्याने पिशवी काढली आणि पुठ्ठ्याचे नरसाळे बसवून पाहिले. पाच वर्षांत ५,१२७ नमुने झाले, तेव्हा कोठे मनाजोगते यंत्र साधले. ते आधी जपानमध्ये विकले गेले आणि १९९३ मध्ये त्याच्या स्वतःच्या नावाने बाजारात आले. पाखडणीही यंत्रात बसली. १८६० पासून मोजले, तर या तीन कामांना सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

१४/
महाराष्ट्रात हे यंत्र ओळखीचे झाले ते १९८२ नंतर. त्या वर्षी टाटा समूहातील फोर्ब्ज आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून मुंबईत युरेका फोर्ब्ज कंपनी काढली. तिचा 'युरोक्लीन' दुकानात ठेवून नव्हे, तर दारोदार जाऊन विकला गेला. गळ्यात टाय बांधलेला तरुण घरात येई, तुमचीच गादी यंत्राने झाडी आणि निघालेली धूळ तुम्हालाच दाखवी. बूथही आपल्या यंत्राला पारदर्शक नळी लावून जमलेल्या लोकांना पळणारी धूळ दाखवत असे. विक्रीची युक्ती ऐंशी वर्षे जुनी होती.

१५/
पण यंत्र घडले होते गालिच्यासाठी, आणि आपल्या घरांत शहाबादी फरशी, मोझॅक किंवा सारवलेली भुई. फरशीवर केरसुणी आणि ओले फडके झटपट काम करतात. सारवलेल्या भुईवर हे यंत्र चालवले, तर ते भुईच उकरील. त्यामुळे आपल्याकडे मुख्य यंत्रापेक्षा जोडण्यांना जास्त काम मिळाले. जळमटे, पंख्याची पाती, गाद्या, खिडक्यांच्या खाचा, मोटारीच्या सीटखालची जागा. एखादी वस्तू दुसऱ्या देशात जाते, तेव्हा तिचा कोणता भाग उपयोगी हे तिथली जमीन ठरवते, याचे हे चांगले उदाहरण.

१६/
येथे एक सावधगिरी हवी. खळ्यावर उफणणी होती म्हणून 'व्हॅक्यूम क्लीनर आपणच शोधला' असा निष्कर्ष निघत नाही. हवेने हलके-जड वेगळे करण्याची गरज जगभर होती आणि उत्तरेही जगभर निघाली. माझा प्रश्न वेगळा आहे. हेसचे पेटंट सापडते, स्पँग्लरची तारीख सापडते. सुपाचा उतार कोणी ठरवला? शिंदीची पाती चिरून मुठीशी आवळायची रीत कोणी सुधारली? सुपे विणणारे बुरूड आणि केरसुण्या बांधणारे मातंग कारागीर यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या सुधारणांना क्रमांक नाही, तारीख नाही, नाव नाही.

१७/
लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. तिला लक्ष्मी म्हणतो. ती बांधणाऱ्याला मात्र त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभे केले जाई. साधनाला पूज्य आणि कारागिराला अस्पृश्य मानणाऱ्या समाजात त्या कारागिराचे तंत्र नोंदवावे असे कोणाला वाटणार? स्पँग्लर गरीब होता आणि त्याचे नावही मागे पडले, पण पेटंटच्या कागदावर ते टिकून आहे. इतिहास लिहिणाऱ्याला तेवढ्या एका कागदाचा आधार पुरतो. आपल्याकडे तो कागदच झाला नाही.

१८/
आज आसनगाव आणि वासिंदहून पहाटेची लोकल, किंवा मुरबाडहून कल्याणची एसटी पकडणाऱ्यांत मुंबई-ठाण्याच्या मॉलमध्ये आणि कार्यालयांत सफाईचे काम करणारेही असतात. यंत्र त्यांच्या हाती आले आहे. कोणते तोंड कोठे अडते, कोणती पिशवी केव्हा गळते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असेल? पुढची सुधारणा त्यांच्याकडून येऊ शकते. प्रश्न आहे तो कोणी विचारण्याचा आणि लिहून ठेवण्याचा.

१९/
म्हणून शेवटी एक विनंती. तुमच्या गावात केरसुणी बांधणारे किंवा सूप विणणारे कोणी असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याजवळ तासभर बसा. पाती कधी तोडतात, किती वाळवतात, गाठ कशी मारतात आणि ही रीत कोणाकडून शिकले, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यांची परवानगी असेल, तर नावही लिहा. आपल्या विषयाची दप्तरे अशीच तयार होतात.