दिव्याखालचा उजेड

इब्रामपूर हा पेडणे तालुक्याच्या पूर्व अंगाचा, दोडामार्गच्या सीमेला टेकलेला गाव. अशा गावात आज कोणी नवे घर बांधावयास काढले, की स्वयंपाकघराला लागून एक निराळी खोली आखली जाते आणि तिला ‘डायनिंग’ म्हणतात. मेज येते, खुर्च्या येतात, आणि मग प्रश्न उभा राहतो की, वर दिवा कोणता लावावयाचा? म्हापशाच्या दुकानांत टांगत्या दिव्यांच्या इतक्या तऱ्हा मांडलेल्या असतात, की घरातील तीन पिढ्यांची तीन मते पडावीत. मुलाला काचेचे गोळे हवे असतात, सुनेला वेताची टोपली आवडते, आणि आजी म्हणते, ‘एक ट्यूब लावा म्हणजे झाले.’ श्रोतेहो, माझे आजचे बोलणे या दिव्याविषयी आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु जेवणाच्या जागी उजेड कोठून पडतो आणि कोणाच्या पानावर पडतो, एवढ्या एका प्रश्नात आपल्या घरांचा बराच इतिहास साठलेला आहे.

मुळात आपल्याकडे जेवणाची खोली म्हणून निराळी नसेच. माजघरात किंवा पडवीत पाट मांडावयाचे, केळीची पाने किंवा पत्रावळी वाढावयाच्या, आणि पंगतीच्या टोकाशी समई ठेवावयाची. जेवणारा जमिनीवर बसलेला, पान जमिनीवर आणि दिवाही जमिनीवरच. हातदीड हात उंचीच्या समईचा उजेड आडवा येऊन पानावर पडे. डिचोलीच्या बाजूला पितळेचे काम करणारे कारागीर आहेत आणि मातीचे काम करणारे कुंभारही आहेत. तेव्हा श्रीमंताची समई आणि गरिबाची पणती, दोन्ही जवळपासच घडत. तेल खोबरेलाचे, आणि ज्यांना ते परवडत नसे त्यांच्याकडे उंडीच्या बियांचे. उंडीचे तेल खाण्याच्या उपयोगाचे नाही, म्हणून ते जाळावयाचे. त्याला वास येतो, धूरही होतो. जेवताना दिवा मालवला, तर पुन्हा लागेपर्यंत पानावर हात धरून बसावे, अंधारात घास घेऊ नये, असा जुन्या घरांतील नियम होता. त्यामागे शास्त्र होते असे म्हणतात. मला तर त्यामागे माशांचे काटे अधिक दिसतात.

जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या महालांत, मेजावर जेवण्याची रीत पोर्तुगीज अमलाबरोबर आली. पेडण्याची गोष्ट वेगळी. हा महाल सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेला तो १७८८ साली. पणजीच्या आसपासची भूमी त्यांच्याकडे १५१० पासून होती. तेव्हा मधल्या पावणेतीन शतकांत तिकडच्या घरांनी जे शिकून घेतले ते इकडे पोहोचलेच नाही. नव्या काबिजादींत लोकांच्या धर्माला आणि रूढींना फारसा हात न लावण्याचे धोरण राहिले, आणि पाट, पान व समई ही येथे टिकून राहिली. म्हणून इब्रामपुरात ‘डायनिंग’ उशिरा आले याचा अर्थ गाव मागे राहिला असा कोणी करू नये.

मेज आले की दिव्याची सगळी गणिते बदलतात. पान अडीच फूट वर चढले, तेव्हा दिवाही वर चढला पाहिजे. तो मेजावर ठेवला तर समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो. भिंतीला लावला तर जेवणाऱ्याची सावली त्याच्याच ताटात पडते. उरला मार्ग एकच, तो वरून टांगण्याचा. आणि तेथे आपल्या म्हणीतला जुना शत्रू उभा राहतो, तो म्हणजे दिव्याखालचा अंधार. तेलाच्या दिव्यात तेलाचे भांडे ज्योतीच्या खालीच असावे लागते. दिवा टांगला की त्या भांड्याची छाया नेमकी मेजाच्या मधोमध, जेथे भाताचे भांडे असते तेथे, पडते.

ही छाया कशी घालवावी, या विवंचनेत युरोपातील कारागिरांनी अर्धे शतक काढले. १७८० च्या सुमारास आर्गां या स्विस गृहस्थाने पोकळ, गोल वातीचा दिवा काढला. त्याचा उजेड मेणबत्तीच्या कितीतरी पट होता. परंतु तेलाची टाकी बाजूला असल्याने त्या बाजूला सावली पडेच. पुढे १८०९ मध्ये बोर्दिए-मार्से या त्याच्याच परंपरेतील माणसाने तेल ज्योतीभोवती कड्यासारख्या नळीत भरले, आणि दिव्याला ताऱ्यांवरून नाव दिले, कारण त्याचा उजेड वरून खाली उतरे. त्यानंतर १८२० च्या सुमारास ‘सिनम्ब्रा’ नावाचा सुधारलेला दिवा आला. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थच मुळी ‘छायेविना’ असा होतो. एवढे होऊनही छाया पुरती गेली नाही. ती केवळ फिकट झाली.

झुंबराचे वैशिष्ट्य येथेच आहे. आपण झुंबर म्हटले की वैभवाचा विचार करतो. परंतु मेणबत्त्यांच्या झुंबराची रचना व्यवहारातूनही निघालेली आहे. मेणबत्त्या मधोमध नसून कडेच्या हातांवर असतात. म्हणून एकीची छाया दुसरी पुसून टाकते. लोंबणारी काच उजेड फोडून चहूकडे पसरते. गोव्याच्या वाऱ्यात ज्योत टिकावी म्हणून काचेच्या हंड्या आल्या. चांदर येथील मिनेझीस ब्रागांझांच्या घरातील नृत्यशालेत बेल्जियमच्या स्फटिकाची झुंबरे आजही पाहावयास मिळतात. याच घराण्यातील लुईस द मिनेझीस ब्रागांझा (१८७८–१९३८) हे पत्रकार पोर्तुगीज सत्तेवर टीका करून गेले, हे वाचकांना ठाऊक असेल. तिकडे ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली जयविलास राजवाडा उभारला. तेथील दरबारातील दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची असून, ती टांगण्यापूर्वी छत पेलते की नाही हे पाहण्यासाठी वर हत्ती चढविले, असे सांगतात. त्याच राजवाड्याच्या भोजनगृहात मेजावरून चांदीची आगगाडी पेयांच्या सुरया घेऊन फिरे. असा थाट आपल्या कामाचा नाही; पण घर दाखवावयाचे असेल तर दिव्यापासून आरंभ करावा, हे राजालाही कळत होते आणि आज इब्रामपुरातल्या सुनेलाही कळते.

दिवसाच्या उजेडाचाही विसर पडू नये. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे लाकडी जाळीत बसविलेले असत. ‘प्लाकुना प्लासेन्टा’ या शिंपल्याचे कवच इतके पातळ आणि पारभासी असते, की दुपारचे कडक ऊन त्यातून दुधाळ होऊन आत येते. दुपारच्या जेवणाला याहून चांगला उजेड मला माहीत नाही. हा शिंपला २००१ पासून कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा नव्या खिडक्यांसाठी तो मागू नये. परंतु ज्यांच्या घरी अशा खिडक्या आहेत त्यांनी त्या काढून ॲल्युमिनियम बसविण्याआधी चार वेळा विचार करावा.

साध्या घरांची गोष्ट मात्र झुंबराने नव्हे तर रॉकेलने बदलली. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर लागली, आणि पुढल्या काही दशकांत पत्र्याच्या डब्यांतून रॉकेल आपल्या बंदरांवर उतरू लागले. १८९२ साली ‘म्युरेक्स’ हे तेलवाहू जहाज सुएझच्या कालव्यातून पूर्वेकडे आले आणि तेल अधिकच स्वस्त झाले. रॉकेलच्या रिकाम्या डब्यांनी आपल्या बायकांनी दोन पिढ्या पाणी भरले. कंदील, चिमणी, आणि सणासुदीला गॅसबत्ती, अशी ही नवी मंडळी घरात आली. १८८५ मध्ये आउअर नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने काढलेली जाळी या गॅसबत्तीच्या पोटात असे. चवथीला माटोळीखाली गॅसबत्ती टांगली, की सारा चौक पांढरा होऊन जाई. ती पंप मारून पेटविणारा माणूस त्या दिवसापुरता घरातील यजमानाहून मोठा असे.

येथे मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. घरात चांगला दिवा एकच असे. तो पुरुषांच्या पंगतीला लागे. पंगत उठली की दिवा ओसरीवर जाई, कारण तेथे पाने-सुपारीची मंडळी बसलेली. मागाहून बायका जेवायला बसत त्या चुलीच्या उजेडात, फार तर एका चिमणीच्या. मेजावर जेवणाऱ्या मोठ्या घरांतही निराळे नव्हते. झुंबराखाली धनी बसत, आणि स्वयंपाक करणारी व भांडी घासणारी मागच्या दारी बसत. ज्या हातांनी हुमण केले त्या हातांना ते कोणत्या रंगाचे झाले हे नीट दिसत नसे. आपल्या दिव्यांच्या इतिहासात उजेडाचे प्रकार पुष्कळ सांगितले जातात. तो उजेड कोणाच्या वाट्याला आला हे कोणी सांगत नाही. चिमणी कलंडून पदर पेटल्याच्या हकिकती मात्र गावोगाव ऐकावयास मिळतात, आणि त्या बहुधा स्वयंपाकघरातल्याच असतात.

मग वीज आली. स्वान आणि एडिसन यांचे दिवे १८७९ चे; मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात १८८२ मध्ये वीज लखलखली. गोव्यात मात्र १९६१ च्या मुक्तीपर्यंत वीज मोजक्या शहरांपुरतीच होती. वीज खाते १९६३ साली स्थापन झाले, आणि त्यानंतर तारा खेड्यांकडे वळल्या. या दिव्याने आपली म्हण खोटी पाडली. बल्बच्या खाली तेलाचे भांडे नाही. तो उलटा टांगता येतो, आणि सर्वांत अधिक उजेड त्याच्या खालीच असतो. उलट्या जाळीच्या गॅसदिव्यानेही हे साधले होते खरे, परंतु तो आमच्या खेड्यांपर्यंत आला नाही. उजेडाचा हिशेबही पाहा: एका मेणबत्तीचा उजेड सुमारे १२ ल्युमेन, ६० वॉटच्या जुन्या बल्बचा ७०० ते ८००. म्हणजे साठ मेणबत्त्यांचे झुंबर एका गोळ्यात आले! आणि आज तेवढाच उजेड आठ-नऊ वॉटचा एलईडी देतो. सरकारी खरेदीत या एलईडी बल्बची किंमत २०१४ मध्ये ३१० रुपये होती, ती २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली.

उजेड स्वस्त झाला आणि म्हणूनच तो बेहिशेबी झाला. विलायतेतील कित्येक घरांनी विजेचे दिवे दिवाणखान्यात घेतले तरी जेवणाच्या मेजावर मेणबत्त्याच ठेवल्या होत्या. झगझगीत उजेडात माणसांचे चेहरे आणि अन्न दोन्ही बिघडलेली दिसतात, अशी त्यांची तक्रार होती. ती अगदीच खोटी नव्हती. निळसर पांढऱ्या दिव्याखाली सोलकढी पाहावी: तिचा गुलाबी रंग राखेसारखा होतो. दुकानात दिवा घेताना खोक्यावर दोन आकडे वाचावेत. पहिला उजेडाच्या छटेचा, तो २७०० केल्विनच्या आसपास असावा, म्हणजे समईच्या जवळचा पिवळा उजेड मिळतो. दुसरा रंग खरे दाखविण्याच्या गुणाचा. तो १०० पैकी ९० च्या पुढे असेल तर हुमण हुमणासारखे दिसते. दिवा मेजाच्या पाटीपासून पाऊणशे ते नव्वद सेंटिमीटर उंचीवर टांगावा, की ताटावर उजेड पडतो आणि समोरच्याचा चेहराही झाकला जात नाही. रुंदीने तो मेजाच्या निम्म्याहून थोडा अधिक असला तरी पुरे.

कौलारू घरात आणखी एक विचार करावा लागतो. तेथे सपाट छत नसते. दिवा वाशाला किंवा तुळईला टांगावा लागतो, आणि वाळवी लागलेल्या लाकडाला जड काचेचे झुंबर लटकविणे म्हणजे जेवणाऱ्यांच्या डोक्यावर संकट टांगणे होय. आमच्या दमट हवेत लोखंडी पाते दोन पावसाळ्यांत गंजते, पितळ काळे पडते पण घासले की पुन्हा उजळते. मृगाचा पहिला पाऊस पडला की पंखवाल्या वाळव्या दिव्यावर झेपावतात आणि कढीत पडतात. पूर्वी दिव्याखाली पाण्याची परात ठेवीत. पिवळ्या दिव्यावर पांढऱ्यापेक्षा कीटक कमी येतात, हेही लक्षात ठेवावे.

आम्ही शिक्षक मंडळी एक गोष्ट रोज पाहतो. लहान घरात अभ्यासाचे निराळे मेज नसते. जेवण आटोपले, मेज पुसले, की त्याच दिव्याखाली मुलाची वही उघडते. वेताच्या टोपलीतून पडणारी नक्षीदार सावली जेवताना शोभते, गणिताच्या वहीवर शोभत नाही. सुरेख दिवा जरूर घ्यावा. परंतु उजेड कमीअधिक करणारे बटण त्याला असावे, आणि खाली पडणारा उजेड सलग असावा. चार पैसे उरले तर ते झुंबराच्या आणखी एका हातावर घालू नयेत. ओट्यावर, जेथे घरची बाई मासळी साफ करते, तेथे एक चांगला दिवा आधी लावावा. तिची सावली ओट्यावर पडणार नाही अशा बेताने, डोक्याच्या मागे नव्हे, पुढे.

आणि ज्यांच्या माळ्यावर जुनी काचेची हंडी कापडात गुंडाळून ठेवलेली असेल, त्यांनी ती जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला देण्यापूर्वी एखाद्या जाणत्या वायरमनला दाखवावी. साखळी नवी, वायर नवी, आत लहान पिवळा एलईडी, एवढेच तिला पुरते.