ऋतुबदल, जीवनातील स्थित्यंतरे आणि ख्रिस्ती प्रार्थना



भुसावळ तालुक्यातील वरणगावी काळ दोन रीतींनी मोजला जातो. शेतकऱ्याचा काळ मृगाच्या पेरणीने, कपाशीच्या वेचणीने आणि हरभरा-गव्हाच्या कापणीने पुढे सरकतो. १९६४ साली स्थापन झालेल्या आयुध निर्माणीतील कामगाराचा काळ पाळी, बदली आणि निवृत्तीने मोजला जातो. ख्रिस्तसभेचे उपासना वर्ष या दोहोंच्या बरोबरीने चालत असते. परंतु पुष्कळ कुटुंबांत या तिघांची गाठ पडत नाही. पेरणी शेतात, निवृत्ती कार्यालयात आणि प्रार्थना केवळ मंदिरात, अशी वाटणी होऊन जाते. ही वाटणी ख्रिस्तसभेच्या परंपरेला मान्य नाही.

उपासना वर्ष युरोपच्या हवामानावर बेतलेले आहे, अशी शंका अनेकदा घेतली जाते. तिकडे पुनरुत्थानाचा सण बर्फ वितळताना येतो, तर आमच्या खानदेशात तो उन्हाच्या तडाख्यात, उजाड शेतांमध्ये साजरा होतो. शंका रास्त वाटते; पण बायबल उघडले की चित्र पालटते. पवित्र भूमीत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि पीक वसंतात हाती येते. लेवीय ग्रंथाच्या २३व्या अध्यायात वल्हांडणाच्या सुमारास पहिली पेंढी परमेश्वराला अर्पण करण्याची आज्ञा आहे. त्या वेळी तेथे सातू कापणीला येत असे आणि त्यानंतर पन्नासाव्या दिवसाच्या सणाच्या सुमारास गहू. आपल्याकडे गहू व हरभरा प्रायश्चित्तकाळातच खळ्यावर येतो. म्हणजे या बाबतीत वरणगावचा रब्बी शेतकरी युरोपीय शेतकऱ्यापेक्षा बायबलमधील शेतकऱ्याच्या अधिक जवळचा आहे! नव्या गव्हाची ओंजळ पुनरुत्थान सणाच्या मिस्सेत अर्पणाबरोबर आणली, तर ती आज्ञा आपल्या मातीत पुन्हा जिवंत होईल.

पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण १० मे ते १३ जून या दरम्यान येतो. २०२५ साली तो ८ जूनला, अगदी मृगाच्या तोंडावर आला होता. त्यानंतर सामान्यकाळ पुन्हा सुरू होतो आणि धर्मगुरूंची उपासनावस्त्रे हिरवी होतात. पाऊस वेळेवर आला तर बाहेरचे शिवारही त्याच सुमारास हिरवे होऊ लागते.

ऋतूंसाठी प्रार्थना ही ख्रिस्तसभेची जुनीच रीत आहे. फ्रान्समधील व्हिएन येथील बिशप मामेर्तुस यांनी इ. स. ४७०च्या सुमारास ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस उपवास व मिरवणुकीने प्रार्थना करण्याची प्रथा घातली. पुढे ती शेतांच्या आशीर्वादाशी जोडली गेली. रोममध्ये वर्षातून चार वेळा, बुधवार, शुक्रवार व शनिवार असे तीन दिवस उपवासाचे मानले जात. १९६९च्या सुधारणेनंतर या दिवसांची रीत व वेळ ठरविण्याचे काम त्या त्या देशाच्या बिशप परिषदेकडे सोपविण्यात आले. मिस्सा-ग्रंथात पेरणीसाठी, पावसासाठी आणि सुगीनंतरच्या उपकारस्तुतीसाठी प्रार्थना आजही आहेत. सृष्टीच्या जतनासाठी खास मिस्सा २०२५ साली त्यात समाविष्ट झाली आणि पोप लिओ चौदावे यांनी ९ जुलै रोजी ती अर्पण केली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पावसासाठीची प्रार्थना हा परमेश्वराशी केलेला सौदा नव्हे. दुबार पेरणीची पाळी आलेल्या घराला ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ असे सुनावणे हे पाप आहे, असे आम्हांस वाटते. इयोबाचे मित्र त्याला हेच ऐकवीत होते आणि अखेर परमेश्वराने दोष त्या मित्रांनाच दिला. अशा घरी बियाण्याच्या पैशांची सोय करणारा शेजारी आणि त्या घरासाठी जपमाळ म्हणणारा शेजारी एकच असावा.

जीवनातील स्थित्यंतरांपैकी बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार, दृढीकरण आणि विवाह यांची तयारी आपण हौसेने करतो. तेथे फार सांगण्याची गरज नाही. खरी उपेक्षा होते ती आजारपणाच्या संस्काराची. ‘फादर आले म्हणजे सगळे संपले’ या भीतीने नातेवाईक धर्मगुरूंना शेवटच्या घटकेला, कधी कधी शुद्ध हरपल्यावर बोलावतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आणि पोप पौल सहावे यांनी १९७२ साली त्याचा सुधारित विधी लागू केला. गंभीर आजार उद्भवताच, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी किंवा वार्धक्याने शक्ती क्षीण झाली असता तो घेता येतो. प्रकृती अधिक बिघडल्यास पुन्हाही घेता येतो. रुग्णाला स्वतः ‘आमेन’ म्हणता यावे, इतक्या वेळेत निरोप पाठवा. अखेरच्या प्रवासाची शिदोरी म्हणून दिले जाते ते ख्रिस्तशरीर. तैलाभ्यंगाला ‘शेवटचा संस्कार’ म्हणण्याची सवय आपण सोडावी.

निवृत्तीकडेही असेच दुर्लक्ष होते. वयाच्या साठाव्या वर्षी एका दिवसात पाळीचा भोंगा परका होतो आणि काही काळाने वसाहतीतील क्वार्टरही सोडावे लागते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील आयुध निर्माण्या सात कंपन्यांत विभागल्या गेल्या व वरणगावची निर्माणी म्युनिशन्स इंडियाकडे गेली, तेव्हाही अनेक घरांत भवितव्याची चिंता शिरली होती. वृद्धत्वासाठी स्तोत्र ७१ आणि प्रस्थानासाठी स्तोत्र १२१ ही आपल्या पूर्वजांनी पारखलेली स्तोत्रे आहेत. आशीर्वाद-ग्रंथात प्रवाशांसाठी, वृद्धांसाठी आणि नव्या घरासाठी विधी दिलेले आहेत. सामान भरून झाल्यावर, किल्ल्या परत करण्यापूर्वी, रिकाम्या खोलीत कुटुंबाने एकत्र उभे राहून स्तोत्र १२१ म्हणावे. शेजाऱ्यांनाही बोलवावे, त्यांत अन्य धर्मांचे असतील तर तेही आनंदाने येतात. नव्या गावी पोहोचल्यावर तेथील धर्मगुरूंना पहिल्याच रविवारी भेटावे व घराच्या आशीर्वादाचा दिवस ठरवून घ्यावा.